‘पूर्ण बरा’ हा शेरा

मंगळवार, ७ ऑगस्ट १९५६, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे. कुंभकोणममधल्या माझ्या दवाखान्याच्या ओसरीवर वेंकटाचार्य खांबाला धरून उभे होते. मी सवयीने म्हणालो, "बसा."

"बसतां आलें असतें तर आलोंच नसतों," ते म्हणाले.

वेंकटाचार्य आमच्या घरचे पुरोहित. माझ्या वडिलांचे श्राद्ध दरवर्षी तेच करीत. आम्ही दोघेही तंजावरच्या मराठी राज्याबरोबर दक्षिणेत येऊन राहिलेल्या घराण्यांतले, पंथाने माध्व वैष्णव. बाहेर तमिळ, घरात मराठी. ती मराठी पुण्याच्या वाचकाला पणजोबांच्या पत्रासारखी वाटेल. आचार्यांचे बोलणे मी जसे ऐकले तसे लिहिले आहे. माझे स्वतःचे बोलणे मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने आणि नंतर मराठी मासिकांनी बिघडवलेले आहे.

त्यांना गुदद्वाराची जुनी चीर होती. हा विषय दिवाळी अंकात येत नाही, हे मला ठाऊक आहे. मी छत्तीस वर्षे शस्त्रक्रिया केल्या. त्यांतल्या मोठ्या आणि सांगण्यासारख्या शस्त्रक्रियांबद्दल इतरांनी पुरेसे लिहिले आहे.

चीर म्हणजे गुदद्वाराच्या आतल्या नाजूक त्वचेला, बहुधा मागच्या बाजूस, पडलेली भेग. लांबी नखाएवढी. कठीण शौचाने ती पडते. ती दुखते म्हणून तिच्याखालचा गोल स्नायू आवळला जातो. आवळलेल्या स्नायूमुळे वाट अरुंद होते, रक्त कमी पोहोचते, भेग भरत नाही, आणि पुढचे शौच ती पुन्हा फाडते. रोगी शौचाला घाबरतो, टाळतो, आणि टाळल्याने मल आणखी कठीण होतो. सहा-आठ आठवडे असे गेले की भेगेच्या कडा टणक होतात, तळाशी स्नायूचे पांढरे तंतू दिसू लागतात आणि बाहेर कातडीचा एक लहान कोंब उगवतो. रोगी त्याला मूळव्याध समजतो आणि मूळव्याधीची औषधे घेतो. ती चिरेला काही करीत नाहीत.

यात कोणी मरत नाही. त्यामुळे कोणी सहानुभूतीही दाखवत नाही.

लाज हा या रोगाचा निम्मा भाग आहे. आडुतुरैकडच्या एका जमीनदारांनी स्वतः येण्याऐवजी आपल्या कारभाऱ्याला पाठवले. तो तपासणीच्या टेबलावर मुकाट्याने कुशीवर झोपला. मी तपासले, त्याला काहीच नव्हते. तसे सांगितल्यावर तो म्हणाला, "मला नाहीच, अय्या. मालकांना आहे. तुम्ही काय काय करता ते पाहून ये म्हणाले." तो परत गेला, त्याने काय सांगितले कोण जाणे, मालक आले नाहीत. तिरुक्करुगावूरची एक बाळंतीण सासूबरोबर तीन वेळा आली आणि तिन्ही वेळा दाढ दुखते म्हणाली. तिसऱ्या वेळी मी सासूला औषध घ्यायला कंपाउंडरकडे पाठवले. दार लागताच त्या मुलीने दाढेवरचा हात काढला आणि जिथे दुखत होते ते सांगितले. तिची चीर पुढच्या बाजूस होती, बाळंतपणानंतर कधीकधी असते तशी. साध्या मलमाने तीन आठवड्यांत भरली. दाढेचे औषध सासूने न्यायचे सोडले नाही.

आचार्य त्या दिवशी मात्र लाजले नाहीत. लाजण्याच्या पलीकडे गेले होते. म्हणाले, "कापा. दोन आठवड्यांवर उपाकर्म आलें. दीडशें माणसांची जानवीं बदलायचीं, चार तास मांडी घालून बसणें आहे. मला चार पळें बसवत नाहीं. यंदा मी बसलों नाहीं तर ते दुसरा पुरोहित आणतील, आणि आणलेला जात नाहीं."

मी त्यांचे जुने कागद काढले. १९५३ साली मी त्यांना सुन्न करणारे मलम दिले होते, ते लावायला बोटाएवढी गुळगुळीत काचेची कांडी दिली होती, आणि पोटात घ्यायला पातळ पॅराफिन. मलमाने दुखणे थांबते, कांडीने स्नायू रोज थोडा सैलावतो, पॅराफिनने मल मऊ होतो. भेगेला भरायला अवधी मिळतो. १९५४ साली भेगेखाली तेलातले बधिर करणारे औषध टोचले, ज्याचा अंमल काही दिवस राहतो. १९५५ साली गुंगी देऊन स्नायू बोटांनी ताणला. हे ताणणे फार जुने आहे आणि दिसायला रानटी आहे, पण त्याने आवळलेला स्नायू काही काळ ढिला पडतो. प्रत्येक वेळी चीर दिवाळीपर्यंत भरली होती. प्रत्येक वेळी पुढच्या वर्षी परत आली होती. तिन्ही कागदांवर शेवटी मी लिहिले होते: उपचार तात्पुरता यशस्वी.

राहिला शेवटचा उपाय. भेग, तिच्या कडा आणि कोंब कापून काढायचा आणि मागच्या बाजूस त्या आवळणाऱ्या स्नायूचा काही भाग छेदायचा. वीस मिनिटांचे काम. वेदना बहुधा दुसऱ्या दिवशीच जाते. या कामात माझा हात चांगला होता. तसे गावात म्हणत, आणि मी ते नाकारीत नव्हतो.

मी कंपाउंडर गोविंदसामीला शस्त्रे उकळायला सांगितली. तो माझ्याकडे बारा वर्षे होता आणि कारण विचारीत नसे.

आचार्य खांबाला धरूनच म्हणाले, "रामशेष अय्यरांना तुम्हीं एका दिवसांत बरें केलेंत. आमच्याच गल्लींत राहतात."

रामशेष अय्यर हे फौजदारी वकील. दोन वर्षांपूर्वी मी त्यांची चीर कापली होती. चौथ्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी घरी गेले. त्यांच्या कागदावर शेरा होता: पूर्ण बरा. ते पुन्हा आले नाहीत, आणि आमच्या धंद्यात रोगी पुन्हा आला नाही म्हणजे तो बरा आहे असे धरतात. मी म्हणालो, "हो. त्यांचे काम उत्तम झाले."

"झालें असेल," आचार्य म्हणाले. "पण कोर्टांत जायचें सोडलें त्यांनीं."

"का?"

"सांगत नाहींत. दार लावून बसतात आणि खरेदीखतें लिहितात. पूर्वीं त्यांची उलटतपासणी ऐकायला लोक जेवण टाकून जात."

मी घड्याळ पाहिले. सात वाजायला आले होते. पाणी उकळायला आणि आचार्यांना पाठीच्या कण्यात बधिर करणारे औषध टोचण्याची तयारी व्हायला वेळ होता. मी त्यांना कॉटवर कुशीवर झोपायला सांगितले आणि चपला घालून रामशेष अय्यरांच्या घरी गेलो. शस्त्रक्रियेच्या आधी जुन्या रोग्याच्या घरी चौकशीला जाण्याची ती माझी पहिली वेळ होती. त्या वेळेपर्यंत माझ्या नोकरीधंद्याला चौदा वर्षे झाली होती.

वकील पुढच्या खोलीत उतरत्या मेजापाशी लिहीत होते. उंच, सडसडीत, बावन्नचे. त्यांनी मला बसायला सांगितले आणि आतून कॉफी मागवली.

मी विचारले, "दुखते का?"

"नाही. त्या दिवसापासून एकदाही नाही."

"मग कोर्ट का सोडले?"

त्यांनी टाक दौतीशेजारी ठेवला. कॉफी आणणारी त्यांची बहीण आत गेल्यावर ते बोलू लागले.

"कठीण प्रश्न विचारल्यावर साक्षीदार गप्प होतो, डॉक्टर. तेव्हा सगळे कोर्ट गप्प असते. ती शांतता मी वीस वर्षे कमावली होती. तुमच्या शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवसांनी मी उभा राहिलो, प्रश्न विचारला, शांतता झाली, आणि ती मीच मोडली. मला आधी कळलेही नाही. आवरायला काही हाताशीच नव्हते. मी खुर्ची सरकवली. दुसऱ्या दिवशी खोकलो. तिसऱ्या दिवशी विरुद्ध पक्षाच्या वकिलांनी खिडकी उघडण्याची परवानगी मागितली. न्यायाधीशांनी ती दिली."

"मला येऊन सांगितले का नाही?"

"शेवटच्या ड्रेसिंगला तुम्ही विचारलेत, दुखते का. मी नाही म्हणालो. ते खरे होते. विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावे, हे मी आयुष्यभर अशिलांना शिकवले."

मी त्यांना स्नायू आवळून धरण्याचा व्यायाम सांगितला: दिवसातून किती वेळा, किती अंक मोजून. दोन वर्षांपूर्वी सांगितला असता तर काही उपयोग झाला असता. त्यांनी तो टिपून घेतला, खरेदीखताच्याच अक्षरात. छेदलेला स्नायू पुन्हा जोडणे त्या वेळी माझ्या हातचे नव्हते.

"आज कोणाला कापताय?" त्यांनी विचारले.

"ते सांगता येणार नाही."

"सांगू नका. त्याचा धंदा काय ते मात्र पाहा. शांत बसून करायचा असेल तर माझी साक्ष द्या. नाव नको."

इथे थोडे स्पष्ट करतो. तो गोल स्नायू मल अडवतो तसाच वाराही अडवतो. मल अडवायला उरलेला स्नायू पुरतो; वारा बारीक फटीतूनही जातो. आणि मागच्या बाजूस छेद घेतला की तिथे कधीकधी कुलपाच्या भोकासारखी खाच राहते, ती मिटत नाही. आमच्या पुस्तकांत हा दोष एका ओळीत होता: वाऱ्यावरचा ताबा किंचित कमी होऊ शकतो. ‘किंचित’ हा शब्द लिहिणाऱ्याला कोर्टात उभे राहायचे नव्हते. पुढे दोन दशकांनी छेदाची जागा मागून बाजूस गेली, छेद लहान झाला, आणि हे पुष्कळ कमी झाले. मीही मग तसेच करू लागलो. पण १९५६ साली मला एकच रीत येत होती, आणि ती चांगली येत होती.

आठ वाजून दहा मिनिटांनी मी परत आलो. शस्त्रांच्या तबकावर पांढरे फडके होते. आचार्य भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी स्टूल ओढून त्यांच्या डोक्याशी बसलो.

"आचार्य, कापले तर दुखणे जाईल. पण काहींना त्यानंतर वारा आवरत नाही."

त्यांनी मान वळवली. "गेल्या वर्षीं ओढलेंत तेव्हां आठ दिवस झालें तसें?"

"मला सांगितले नाहीत."

"विचारलें नाहींत. आठ दिवसांत तीन श्राद्धें सोडलीं मी. ताप आला म्हणून निरोप धाडला." मग त्यांनी विचारले, "तसें किती दिवस?"

"कायमचेही राहू शकते."

हे मी कोणा भुसार व्यापाऱ्याला सांगितले असते तर तो म्हणाला असता, राहू दे, दुखणे घालवा. आचार्यांसमोर तसे नव्हते. कर्म चालू असता वारा सरला तर आचमन करावे लागते; शास्त्रात तसे आहे. पुरोहिताने दहा मिनिटांत तीनदा आचमन केले तर यजमान समजतो. समजल्यावर बोलत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्याला बोलावतो. वकिलांना निदान खरेदीखते होती.

"शंभरांत किती जणांना होतें?"

"मला ठाऊक नाही. मी मोजलेले नाही."

"तुम्हीं कापलेत त्यांतले?"

"काल विचारले असतेत तर एकही नाही म्हणालो असतो. आज एक आहे."

आचार्यांनी कोण ते विचारले नाही. गल्ली एकच होती.

"मग दुखूं द्या," ते म्हणाले. "दुखण्याला आचमन नाहीं."

ते उठू लागले. मी त्यांना धरून उभे केले. माझ्याजवळ आता त्यांच्यासाठी काही नव्हते. चारही उपाय झाले होते किंवा बाद झाले होते, आणि चौदा दिवसांनी त्यांना दीडशे माणसांसमोर मांडी घालायची होती. नुसते काहीतरी विचारायचे म्हणून मी विचारले, "उपाशी आलात. काल रात्री काय जेवलात?"

आचार्य खिडकीबाहेर पाहू लागले. "नेहमींचेंच. या दिवसांतलें."

"म्हणजे काय?"

"शाकव्रत चालूं आहे, राव," ते हळूच म्हणाले. ते मला कधी चुकीचे ठरवीत नसत, आणि हे सांगणे मला चुकीचे ठरवण्यासारखेच होते.

आमच्यांत चातुर्मासाच्या प्रत्येक महिन्यात एक एक वस्तू सोडतात. पहिल्या महिन्यात, आषाढी एकादशीपासून, भाजी, पाला, फळ, चिंच, मिरची वर्ज्य. चालतात तांदूळ, मूग, दूध, दही, तूप, मिरे, जिरे आणि फळांत फक्त आंबा. माझ्या आईने ते जन्मभर पाळले. माझी पत्नी पाळते. मी पाळत नव्हतो. शस्त्रक्रिया करणाऱ्याने खाल्ले पाहिजे अशी सबब मी लग्नानंतर काढली होती, आणि त्या महिन्यात माझे ताट वेगळे वाढले जाई. हे आचार्यांना माहीत होते. त्यांना माहीत आहे हे मला माहीत होते. म्हणून चार वर्षे, दर आषाढानंतर, त्यांनी मला ‘व्रत’ हा शब्द सांगितला नाही आणि मी त्यांना ‘जेवण’ हा शब्द विचारला नाही. दुसऱ्या जातीचा डॉक्टर पहिल्याच दिवशी विचारता.

मी तिन्ही कागद पुन्हा पाहिले. जुलै, ऑगस्ट, जुलै. तारखा माझ्याच हाताच्या होत्या.

"पाणी किती पिता?"

"यजमानाच्या घरीं कसें पिणार? सोवळ्याचें पाणी घरचें. सकाळीं एक, परतल्यावर एक."

"आणि मी दिलेले पॅराफिन?"

"तीन बाटल्या आहेत. कोणीं भरलें, कोणीं शिवलें, पोटांत कसें घेणार? बायको बिजागऱ्यांना घालते. दार फार मऊ लागतें."

गोविंदसामी तबकाजवळ उभा होता. त्याला मराठी येत नसे, पण त्याने फडके उचलून शस्त्रे मोजायला घेतली आणि एकेक पुसून पेटीत ठेवू लागला. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळले असावे.

उपाय साधा होता. अडचण तो गिळण्याची होती. मल मऊ करायला चोथा हवा, आणि चोथा म्हणजे भाजी. व्रताचे दहा दिवस उरले होते. ते मोडा असे सांगण्याचा अधिकार मला वैद्य म्हणून असेल, पण वेगळ्या ताटाचा माणूस म्हणून नव्हता. माझ्या मनात इसबगोल होते: बियांचे टरफल, पाण्यात फुगते, मलात ओलावा धरून ठेवते. पण ते शाक आहे की नाही, हे मला ठरवता येईना आणि आचार्य ठरवायला तयार होईनात. शेवटी म्हणाले, "मठांतल्या पंडितांना विचारूं."

आम्ही दहा वाजता गेलो. आचार्य उभे राहिले. पंडित फार वृद्ध, दृष्टी गेलेले. मी त्यांच्या तळहातावर चिमूटभर टरफल ठेवले. त्यांनी ते बोटांत चोळले.

"हें पान आहे कां?"

"नाही."

"फळ?"

"बियांचे टरफल."

"पोट भरायला घेतात?"

"नाही. पोट रिकामे व्हायला."

"मग तें अन्न नव्हे," पंडित म्हणाले. "स्वतःच्या घरच्या पाण्यांत, धन्वंतरीचें नांव घेऊन घ्यावें. पाणी किती?"

"दोन मोठे पेले. दिवसभरात आठ."

"यजमानाच्या घरींही?"

"हो."

पंडित आचार्यांच्या दिशेने वळले. "आपला तांब्या बरोबर न्यायला लाज वाटते कां रे? तुझा बाप नेत असे."

 पुढे आचार्य तांब्या नेऊ लागले.

दुसरी अडचण कोमट पाण्याची. शौचानंतर पंधरा मिनिटे कोमट पाण्यात बसले की स्नायू सैलावतो; मग मलम आणि कांडी. माझ्या दवाखान्यातले इनॅमलचे टब कोणी कोणी वापरलेले. आचार्य त्यांत बसणार नव्हते, आणि त्यांच्या घरातली मोठी भांडी स्वयंपाकाची. म्हणून मी अकरा वाजता आचार्यांना घेऊन तांबटांच्या गल्लीत गेलो आणि रुंद तोंडाचे, वळवलेल्या काठाचे, बुटके घंगाळ मागितले.

तांबटाने विचारले, "किती माणसांच्या भाताला?"

"एका माणसाला बसायला."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग आचार्यांकडे पाहिले, आणि दोरीने मापही घेतले. असे विचारणारे आणखी कोणी असावेत. त्याच्याकडे तयार एक निघाले.

दुपारी जेवताना मी पत्नीला सगळे सांगितले, नाव न घेता. तिने माझ्या ताटात वांग्याची भाजी वाढली.

"चार वर्षें कळलें नाहीं तुम्हांला?"

"नाही."

"कसें कळणार," ती म्हणाली, "दोन ताटें एका पंगतीला आलींच नाहींत कधीं." आणि आपल्या मुगाच्या वरणभाताकडे गेली.

पुढचे थोडक्यात. पाचव्या दिवशी आचार्यांचे दुखणे निम्मे झाले. उपाकर्माच्या दिवशी मीही जानवे बदलायला गेलो. आचार्य पाटावर चौपदरी धाबळी घालून बसले होते, शेजारी तांब्या. चार तासांत दोनदा उठले, दोन्ही वेळा मंत्र संपल्यावर. माझ्यासमोर आले तेव्हा त्यांनी माझ्याकडून नाव-गोत्र म्हणून घेतले आणि पुढच्याकडे वळले. चीर पूर्ण भरायला दहा आठवडे लागले. कोंब राहिला, तो कोणाला त्रास देत नव्हता. पुढच्या वर्षी एकादशीच्या आदल्या दिवशीपासून इसबगोल सुरू झाले आणि त्या आषाढात ते माझ्याकडे आले नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन विचारले. सर्व विचारले.

पुष्कळ जणांना पुढेही मला कापावे लागले, आणि ते योग्य होते. जुनी चीर नेहमी इसबगोलाने भरत नाही. हे वाचून कोणी डॉक्टरकडे जाणे लांबवू नये. पण कापण्याआधी मी रोग्याचा धंदा विचारू लागलो, तो काय खातो आणि कोणत्या महिन्यात काय सोडतो ते विचारू लागलो, आणि कापल्यावर फक्त ‘दुखते का’ एवढेच विचारायचे सोडले. ‘वारा आवरतो का’ हा दुसरा प्रश्न तमिळमध्ये कसा विचारावा हे मी रामशेष अय्यरांकडून शिकलो. त्यांच्याइतका नेमका तो कोणीच विचारू शकले नसते. व्यायामाने त्यांना थोडे बरे वाटले. कोर्टात ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

त्या मंगळवारी संध्याकाळी बाहेरचे रोगी संपले तेव्हा साडेसहा झाले होते. गोविंदसामी दिव्यात तेल पाहून गेला होता. मी कपाटातून १९५४ सालचा गठ्ठा काढला आणि रामशेष अय्यरांचा कागद वेगळा केला. ‘पूर्ण बरा’ या शब्दांवर एक सरळ रेघ मारली. शब्द वाचता येतील इतकी बारीक. खाली तारीख घातली आणि लिहिले: वेदना नाही. वाऱ्यावर ताबा नाही. व्यवसाय सोडला. दोन वर्षे चौकशी केली नाही. टीपकागद दाबला, आणि तो कागद ‘निकाली’ लिहिलेल्या खणात परत न ठेवता, ज्यांच्याकडे परत जायचे आहे त्यांच्या खणात वरच्या बाजूस ठेवला.